साखरेच्या टोकावरची पकड

नवापूर हे आमच्या नंदुरबार जिल्ह्याचे गुजरातच्या हद्दीवरचे गाव. तिथल्या रेल्वे स्थानकाचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत. १८ फेब्रुवारी २००६ रोजी भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेचा निष्कर्ष जाहीर झाला आणि भारतातल्या पहिल्या बर्ड फ्लूवर नवापूरचे नाव लागले. त्याआधी कित्येक दिवस शेडमध्ये पक्षी मरत होते. तुरे काळेनिळे पडायचे, सकाळी तुसावर मेलेल्या कोंबड्यांचा खच दिसायचा. बऱ्याच जणांना ती मानमोडीच वाटली, म्हणजे आपली नेहमीची राणीखेत. मग सरकारी पथके आली, लाखो कोंबड्या मारून खड्ड्यात चुना टाकून पुरल्या गेल्या. तापीच्या अलीकडे, शहाद्याला लागून असलेल्या लोणखेड्यातही बाजारात, एसटी थांब्यावर, कॉलेजच्या आवारात एकच प्रश्न होता: हे माणसाला होते का?

नवापूरच्या माणसांचे नमुने तपासले गेले आणि एकातही विषाणू निघाला नाही. उघड्या हातांनी मेलेल्या कोंबड्या उचलणारे, त्याच शेडच्या कडेला झोपणारे लोक सुटले. कशामुळे सुटले, हा या लेखाचा विषय आहे. पाऊणशे वर्षांहून अधिक काळ शास्त्रज्ञ त्यामागे आहेत. उत्तराचा पहिला धागा एका साखरेच्या टोकाशी सापडतो. आमच्याकडे साखर म्हटली की पुरुषोत्तमनगरचा सातपुडा कारखाना डोळ्यांपुढे येतो. ही साखर वेगळी. ती आपल्या प्रत्येक पेशीच्या अंगावर लवेसारखी उगवलेली असते.

सुरुवात १९४१ पासून करू. न्यूयॉर्कला रॉकफेलर फाउंडेशनच्या प्रयोगशाळेत जॉर्ज हर्स्ट कोंबडीच्या अंड्यात फ्लूचा विषाणू वाढवत होते. अंड्यातला द्रव काढताना एखादी रक्तवाहिनी फुटली, तर त्या द्रवात तांबड्या पेशींच्या गुठळ्या होतात, हे त्यांच्या लक्षात आले. विषाणू पेशीला पेशी जोडत होता. ही चाचणी आजही चालते आणि ती डोळ्यांनी पाहण्यासारखी आहे. प्लास्टिकच्या तबकडीत वाटीसारख्या गोल बुडाचे छोटे खळगे असतात. त्यात तपासायचा नमुना आणि तांबड्या पेशींचे पातळ द्रावण टाकायचे आणि अर्धा तास थांबायचे. विषाणू नसेल तर पेशी घरंगळत तळाला जातात आणि लालभडक, काठ रेखीव असलेले बटण तयार होते. विषाणू असेल तर पेशी एकमेकींना धरून बसतात, खाली उतरत नाहीत, आणि खळगाभर फिकट गुलाबी जाळी पसरते. तबकडी जरा कलती केली की बटणातून अश्रूसारखी धार ओघळते. जाळी मात्र जागची हलत नाही.

राणीखेतीचा विषाणूसुद्धा हेच करतो. तोही त्याच साखरेला धरतो, म्हणून नुसत्या जाळीवरून मानमोडी की बर्ड फ्लू हे ठरत नाही. त्यासाठी एकेका विषाणूविरुद्धचा रक्तरस आधी मिसळून जाळी कशाने अडते ते बघावे लागते. तुऱ्याच्या रंगावरून नवापूरच्या शेडवाल्यांना जे ओळखता आले नाही, ते प्रयोगशाळेलाही एका चाचणीत ओळखता येत नाही. त्या वेळी लोकांच्या अज्ञानाकडे बोट दाखवले गेले. ते अन्यायाचे होते असे मला वाटते.

हर्स्ट यांना आणखी एक गोष्ट दिसली. काही तासांनी विषाणू पेशींवरून आपोआप सुटायचा. सुटलेला विषाणू ताज्या पेशींना पुन्हा धरायचा, पण ज्या पेशींवरून तो उतरला त्या पेशी पुन्हा धरता येत नसत. म्हणजे जाताना विषाणू पेशीवरचे काहीतरी खुडून नेत होता. मेलबर्नला मॅकफार्लेन बर्नेट यांच्या प्रयोगशाळेत पटकीच्या जंतूंच्या द्रवातही तसेच खुडणारे द्रव्य मिळाले. आल्फ्रेड गॉटशाल्क यांनी पुढे खुडले जाणारे ते ‘काहीतरी’ ओळखले. ते पेशीवरच्या साखरेच्या टोकाशी असलेले सायालिक आम्ल होते. गुन्नर ब्लिक्स यांनी लाळग्रंथीच्या चिकट द्रवातून ते १९३६ मध्ये वेगळे काढले होते. विषाणू पेशीवर नेमके कशाला धरतो हे असे रसायनाच्या पातळीवर कळले, ते पहिल्यांदा फ्लूच्या बाबतीत.

विषाणूच्या अंगावर दोन प्रकारचे काटे असतात. धरणारे हिमॅग्लुटिनिन आणि खुडणारे न्यूरामिनिडेज. एच५एन१ या नावातले ‘एच’ आणि ‘एन’ ते हेच. खुडणारा काटा हवा कशाला? नव्या पिढीचे विषाणू पेशीतून बाहेर पडताना तिच्याच साखरेला अडकून बसतात, त्यांना सोडवायला. शिवाय नाकातल्या शेंबडातही हीच साखर भरपूर असते. ती एक प्रकारची फसवी पेशी आहे. विषाणू शेंबडाला धरतो आणि बाहेर टाकला जातो. खुडणारा काटा त्याला तिथूनही सोडवतो. ऑसेल्टामिविर हे औषध याच काट्याला जाम करते. धरणे आणि सोडणे यांचा तोल बिघडला तर विषाणू एक तर चिकटत नाही किंवा सुटत नाही.

धरणाऱ्या काट्याचे रूप १९८१ मध्ये इयन विल्सन, जॉन स्केहल आणि डॉन वायली यांनी क्ष-किरणांनी उलगडले. तीन सारखे भाग एकमेकांना पिळलेले, आणि प्रत्येकाच्या माथ्यावर एक उथळ खोबण. सायालिक आम्लाचा रेणू या खोबणीत बसतो. खोबणीच्या तळाची अमिनो आम्ले जवळपास सगळ्या फ्लू विषाणूंत सारखीच आहेत. फरक आहे तो काठाशी. एका बाजूला १९० व्या अमिनो आम्लाच्या आसपासची छोटी सर्पिल घडी, दुसऱ्या बाजूला १३० आणि २२० क्रमांकांजवळची वळणे.

पक्षी आणि माणूस यांच्यातला भेद इथे येतो. सायालिक आम्ल साखळीच्या टोकाशी असते आणि त्याच्या मागे गॅलॅक्टोज ही साखर. सायालिक आम्लाचा दुसरा कार्बन गॅलॅक्टोजच्या तिसऱ्या कार्बनला जोडलेला असेल तर त्या जोडाला अल्फा २-३ म्हणतात, सहाव्याला असेल तर अल्फा २-६. तिसरा कार्बन गॅलॅक्टोजच्या कड्यातच असतो, त्यामुळे २-३ जोडाचे टोक बारीक आणि सरळ राहते. सहावा कड्याच्या बाहेर लोंबतो. तिथून जोडलेले टोक वळते, मागे दुमडते, आणि साखळी लांब असली तर छत्रीसारखे पसरते. छत्रीची ही उपमा माझी नव्हे, अमेरिकेतल्या एमआयटीत राम शशिशेखरन यांच्या गटाने २००८ मध्ये ती मांडली. १९८३ मध्ये गॅरी रॉजर्स आणि जेम्स पॉल्सन यांनी दाखवले की पक्ष्यांचे विषाणू २-३ पसंत करतात आणि माणसांचे २-६, आणि हिमॅग्लुटिनिनमधले २२६ व्या जागेचे एकच अमिनो आम्ल बदलले की पसंती उलटते. तिथे ग्लुटामिन असेल तर पक्षी, ल्युसिन असेल तर माणूस. ग्लुटामिनचे पाण्याशी जमते, ल्युसिन तेलकट असते. दुमडलेल्या साखळीची जी बाजू खोबणीच्या काठाला टेकते, तिला तेलकट शेजार मानवतो.

बदकाच्या आतड्यात २-३ भरपूर. माणसाच्या नाकात, घशात, श्वासनलिकेत मुख्यतः २-६. नवापूरची शेडे रिकामी होत होती त्याच महिन्यांत, मार्च २००६ मध्ये, दोन शोधनिबंध आले. एक योशिहिरो कावाओका यांच्या गटाचा, दुसरा रॉटरडॅमच्या टिस कायकेन यांच्या गटाचा. माणसाच्या फुप्फुसात २-३ साखर आहे, पण ती खूप खोल, अगदी वायुकोशांच्या तोंडाशी, हे दोन्हींत वेगवेगळ्या मार्गांनी दिसले. पक्ष्याचा विषाणू तिथवर पोचला तर भयंकर न्यूमोनिया होतो, पण तिथून खोकून दुसऱ्याला देणे अवघड. थोड्यांना होतो, झाला तर जीव घेतो, आणि पुढे पसरत नाही, हे २००३ पासून जगाला दिसत होते आणि त्याचे कारण कुठेतरी याच नकाशात होते. तेव्हापासून आजवर जगभर एच५एन१ च्या नऊशेहून अधिक माणसांतल्या नोंदी झाल्या आणि जवळपास निम्मे रुग्ण दगावले.

इथपर्यंतची गोष्ट पाठ्यपुस्तकात कुलूप आणि किल्ली म्हणून सांगितली जाते. मला ती उपमा अपुरी वाटते, आणि ती सोडल्याशिवाय पुढचे नीट कळत नाही असेही वाटते. किल्ली एकच असते आणि ती बसते किंवा बसत नाही. विषाणूचे तसे नाही. एका खोबणीची एका साखरेवरची पकड अतिशय ढिली असते, क्षणात सुटणारी. पण विषाणूवर असे काही शे काटे असतात आणि पेशीवर साखरेचे रान असते. पावसाळ्यानंतर बांधावरून चालताना धोतराला, साडीच्या काठाला आघाड्याची बोंडे चिकटतात. एक बोंड दोन बोटांनी सहज निघते. घरी येईपर्यंत मात्र काठभर चिकटलेली असतात आणि ओट्यावर बसून एकेक काढावी लागतात. विषाणूची पकड अशीच, पुष्कळ दुबळ्या पकडींची बेरीज. म्हणून पसंती म्हणजे हो किंवा नाही नव्हे, कमी-जास्त. २-३ आवडणारा विषाणू खूप मोठ्या संख्येने आला तर २-६ च्या रानातही थोडाफार अडकतो. मेलेली कोंबडी सोलणाऱ्याच्या हातातोंडाशी विषाणू किती येतो, याला म्हणूनच इतके महत्त्व.

शरीरातले रानही एकसारखे नाही. आपल्या श्वासनलिकेतल्या पापणीसारख्या केसांच्या पेशींवर २-३ सापडते, केस नसलेल्यांवर २-६, असे २००४ मध्ये मिखाइल मात्रोसोविच यांनी वाढवलेल्या पेशींवर दाखवले. डोळ्याच्या पापण्यांच्या आतल्या आवरणात २-३ आहे. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये एच७एन७ ची साथ कोंबड्यांत आली, तेव्हा ८९ माणसांना संसर्ग झाला आणि बहुतेकांचे डोळेच आले. एका पशुवैद्याचा मात्र मृत्यू झाला. डुकराच्या श्वासनलिकेत दोन्ही साखरा, म्हणून त्याला विषाणूंची मिसळण करणारे भांडे म्हणतात. लावऱ्यांत दोन्ही, आणि आपल्या कोंबडीतही दोन्ही. या शेवटच्या गोष्टीचा विचार व्हायला हवा तेवढा होत नाही. बदकाकडून आलेला विषाणू कोंबड्यांच्या शेडमध्ये महिनोन् महिने फिरत राहिला, तर तिथे त्याला २-६ ची सवय लागायला जागा मिळते. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत टेक्सास आणि कॅन्ससच्या दुभत्या गायींत एच५एन१ निघाला तेव्हा सगळे चकित झाले. गायींच्या कासेत दोन्ही साखरा आढळल्या तेव्हा कोडे थोडे उकलले. वटवाघळांच्या फ्लू विषाणूंनी तर सगळा हिशेबच मोडला. एच१७ आणि एच१८ साखर धरतच नाहीत. ते पेशीवरच्या प्रतिकारयंत्रणेच्या प्रथिनाला धरतात, हे २०१९ मध्ये कळले.

पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था १९५२ मध्ये उभी राहिली ती रॉकफेलर फाउंडेशन आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषद यांच्या सहकार्यातून. हर्स्ट यांनी जिथे पहिली जाळी पाहिली, त्याच फाउंडेशनशी तिचे मूळ जोडलेले आहे, आणि मला यात एक सलगता दिसते. शैलेश पवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये त्याच तबकडीच्या चाचणीने भारतात मिळालेले पक्ष्यांचे विषाणू तपासले. टर्की, कोंबडी, हंस, गिनीपिग आणि घोडा अशा पाच प्राण्यांच्या तांबड्या पेशी घेतल्या. यात घोडा महत्त्वाचा, कारण त्याच्या पेशींवर जवळजवळ फक्त २-३ साखर असते. एच५एन१ ने पाचही पेशींची जाळी केली. एच९एन२ ने घोड्याच्या पेशींना हातच लावला नाही. बहुतेक एच५एन१ पक्ष्यांची साखर पसंत करणारे निघाले, पण दोन नमुने आणि एच९एन२, एच११एन१ हे दोन्ही साखरांकडे ओढ दाखवणारे होते. हा निबंध फार गाजला नाही. आपल्या मातीतल्या विषाणूंबद्दल इतकी थेट माहिती देणारे काम मात्र थोडे आहे.

१९१८ च्या साथीत १९० आणि २२५ या जागा बदललेल्या होत्या. १९५७ आणि १९६८ च्या साथींत २२६ आणि २२८. म्हणजे पक्ष्याकडून माणसाकडे येताना विषाणूने दर वेळी खोबणीचा काठ एक-दोन जागी बदलला. एच५ ने तो अजून तसा बदललेला नाही. किती बदल पुरतील? २०१२ मध्ये रॉन फुशिए आणि कावाओका यांच्या गटांनी फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्यांत हवेतून पसरणारा एच५ तयार केला आणि मोजके बदल पुरतात असे दाखवले. हे छापावे की नाही यावर जगभर वाद झाला आणि अमेरिकेच्या सल्लागार मंडळाने आधी तपशील गाळायला सांगितले. मला ते प्रयोग त्या वेळीही अस्वस्थ करणारे वाटले होते, आजही वाटतात. पण त्यांतून एक गोष्ट ठामपणे कळली: नुसती साखरेची पसंती बदलून भागत नाही. हिमॅग्लुटिनिनचा काटा आम्लात लवकर मोडून न पडण्याइतका घट्ट असावा लागतो, आणि विषाणूची प्रती काढणारी यंत्रणा सस्तन प्राण्याच्या पेशीत चालावी लागते. चीनमधला एच७एन९ २०१३ पासून दीड हजारांहून अधिक लोकांना झाला. त्यात २२६ ला ल्युसिन होते, तरी तो माणसामाणसांत टिकून पसरला नाही, कारण त्याने २-३ ची ओढ सोडली नव्हती.

इथे नवापूरचा विषाणू पुन्हा आठवतो. तो चीनमधल्या छिंगहाई सरोवरावर २००५ मध्ये पट्टकादंबांना मारणाऱ्या वंशातला होता. त्या वंशात प्रती काढणाऱ्या यंत्रणेतला ६२७ व्या जागेचा बदल आधीच झालेला होता, सस्तन प्राण्यांत चालणारा. म्हणजे आतली यंत्रणा माणसासाठी पुष्कळशी तयार होती, पण दारातली पकड पक्ष्याचीच राहिली होती. शेडच्या कडेला झोपणारे लोक सुटले, ते बहुतांशी या एका अंतरामुळे.

ते अंतर किती अरुंद आहे हे डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा दिसले. अमेरिकेतल्या गायींच्या वंशातल्या एच५ मध्ये २२६ वर ल्युसिन घातले, फक्त तेवढेच, तर त्याची पसंती माणसाच्या साखरेकडे वळते, असे स्क्रिप्स संस्थेच्या गटाने दाखवले. जुन्या एच५ विषाणूंना याहून जास्त बदल लागत. त्या निबंधावर इयन विल्सन आणि जेम्स पॉल्सन यांची नावे आहेत, १९८१ आणि १९८३ चे तेच दोघे. त्याच सुमारास कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात एक किशोरवयीन मुलगी अत्यवस्थ झाली. तिच्या विषाणूत १९० आणि २२६ या दोन्ही जागी मिश्र अक्षरे मिळाली, जणू विषाणू तिच्या शरीरातच काठ घासून बघत होता. ती वाचली.

पकडीबरोबरची एक अटही सांगायला हवी, नाहीतर गैरसमज होतो. साखर धरून भागत नाही, काट्याचे दोन तुकडे झालेले असावे लागतात, तेव्हाच विषाणू पेशीत शिरतो. साध्या विषाणूचा काटा तोडणारी विकरे फक्त आतड्यात आणि श्वसनमार्गात असतात. मारक एच५ च्या काट्यात तुटण्याच्या जागी जादा अमिनो आम्ले भरलेली असतात आणि ती तोडणारे फ्युरिन शरीरभर असते. कोंबडी एका रात्रीत मरते ती यामुळे. म्हणजे कोणाला धरायचे हे खोबण ठरवते, आणि धरल्यावर शरीरात कुठवर जायचे हे काट्याची घडण. डिसेंबर २०२४ अखेर नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१ ने मेले. २०२५ च्या जानेवारीत लातूर जिल्ह्यात उदगीरला कावळे मेले. मांजरवर्गाला हा विषाणू कच्च्या मांसातून मोठ्या प्रमाणात मिळू शकतो, आणि मोठ्या प्रमाणापुढे पसंती ढिली पडते हे वर आलेच आहे.

माणसांतल्या भारतीय नोंदी थोड्या आहेत. जुलै २०२१ मध्ये हरियाणातला एक मुलगा दिल्लीत दगावला, मार्च २०२५ मध्ये आंध्रातली दोन वर्षांची मुलगी. दोन्ही एच५एन१. मला मात्र सर्वात जवळची वाटते ती मेळघाटची नोंद. नवापूर २०२१ मध्ये पुन्हा पेटले, पुन्हा लाखो पक्षी पुरले गेले, त्याची बातमी झाली. मेळघाटची फारशी झाली नाही. तिथला सातपुडा आणि आमच्या धडगाव-अक्कलकुव्याचा सातपुडा एकच डोंगर आहे, कुडाच्या भिंतीही तशाच आणि अंगणातली गावरान कोंबडीही तशीच. कोरकू घरातल्या सतरा महिन्यांच्या बाळाला २०१९ च्या जानेवारी अखेरीस ताप आणि खोकला आला. नाकातल्या नमुन्यात एच९एन२ निघाला, भारतात माणसात पहिल्यांदा. हा तोच प्रकार, ज्याने पुण्याच्या तबकडीत घोड्याच्या पेशी नाकारल्या होत्या. घरच्यांनी कोंबड्यांशी संबंध आल्याचे सांगितले नाही. बाळ बरे झाले.

तो नमुना बर्ड फ्लूसाठी घेतलाच नव्हता. मेळघाटातल्या ९३ गावांत दोन वर्षांखालच्या मुलांमधल्या दुसऱ्याच एका श्वसन-विषाणूचा अभ्यास चालू होता, आणि त्यासाठी पाड्यापाड्यावर जाणाऱ्या कोणीतरी त्या दिवशी त्या बाळाच्या नाकात कापसाची काडी घातली होती.